सब ठीकचा रिपोर्ट

ॲडमिट व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी बूट पॉलिश केले. सुनंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणाल्या की ऑपरेशनच्या टेबलावर कुणी बूट बघत नसतं. मी म्हटलं, फौजी माणूस रिपोर्ट करायला निघाला की बूट चमकलेच पाहिजेत. कपाळावर हात मारून ती आत गेली.

आजाराचं नाव अकूस्टिक न्यूरोमा. उजव्या कानातून मेंदूकडं जाणाऱ्या नसेवर गाठ. कॅन्सर नव्हता, पण जागा लई वाईट. आधी त्या कानाला फोन लावला की समोरचा माणूस गप्प बसल्यासारखा वाटायचा. मग घरात चालताना भिंत धरावी लागली. मी तोफखान्यातून नायब सुभेदार म्हणून रिटायर झालो, तेव्हा कान जाणारच, असं धरून चाललो होतो. एमआरआय बघून डॉक्टरांनी साफ सांगितलं, गाठ काढू, कान वाचणार नाही.

ऑपरेशन झालं. कान गेला. उजवा गाल खाली लोंबला, डोळा मिटेना, चहा प्यायलो की ओठाच्या कोपऱ्यातून शर्टावर. डिस्चार्ज देताना सिस्टरनं आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं होतं. नाकातून पाण्यासारखं काही गळलं, घशात खारट चव आली, तर वाट बघायची नाही, तडक यायचं. ते मेंदूभोवतीचं पाणी असतं. ते ज्या वाटेनं बाहेर येतं त्याच वाटेनं जंतू आत जातात.

पडेगावच्या घरी माझं ट्रेनिंग सुरू झालं. इन्स्ट्रक्टर सलीम. आमच्याच बॅटरीतला, म्हणजे तोफांच्या तुकडीतला, नायक, आता वाळूजला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत आहे. शिफ्ट सुटली की मोटारसायकल घेऊन यायचा, मला कंपाउंडच्या कडेनं चालवायचा आणि मधेच ओरडायचा, "दहिने देख!" चालता चालता मान वळवायचा व्यायाम डॉक्टरांनी दिला होता, सलीमनं त्याची परेड करून टाकली. मी दारुड्यासारखा झोकांड्या द्यायचो आणि सुनंदा ओट्यावर बसून हसायची. बरं चाललं होतं.

मग एका सकाळी चपलेत पाय घालायला वाकलो आणि फरशीवर दोन थेंब पडले. पाण्यासारखे स्वच्छ. घशात खारट लागलं. मी पायानं फरशी पुसली. दुसऱ्या दिवशी जास्त थेंब पडले, डोकंही ठणकायला लागलं. सिस्टरचा शब्दन् शब्द मला आठवत होता, तरी मी कुणाला बोललो नाही.

एक तर फौजेची सवय. सारखा सिक रिपोर्ट करणाऱ्याला पलटणीत बहाणेबाज म्हणतात, ते अंगात मुरलेलं. दुसरं कारण भानुदास. त्याची पुण्यतिथी चार दिवसांवर आली होती. गंगापूरच्या पुढं त्याचं गाव. दरवर्षी मी आणि सलीम जातो, आणि आम्ही दोघं पोचल्याशिवाय त्याची आई, गयामाय, फोटोला हार घालू देत नाही. मी ठरवलं, एवढं एक जाऊन येऊ, मग डॉक्टरला सांगू.

लान्स नायक भानुदास बर्फातल्या पोस्टवर आमच्याबरोबर होता. तिथं रोज सकाळी बडी चेक असायचा. प्रत्येकानं आपल्या जोडीदाराचं तोंड बघायचं, बोटं बघायची, विचारायचं, आणि मग मी रेडिओवर रिपोर्ट द्यायचा. त्या दिवशी वर जाणाऱ्या पार्टीत आधीच एक माणूस कमी होता. उंचीवरच्या विरळ हवेनं भानुदासचं डोकं फुटायला आलं होतं, पण तो बोलला नाही. त्याचा बडी होता सलीम. सलीमनं विचारलं, तो म्हणाला, ठीक है. मी रेडिओवर म्हटलं, "सब ठीक, ओव्हर." दुपारी तो असंबद्ध बोलायला लागला. संध्याकाळी त्याला उभं राहता येईना. ढग उतरले होते. हेलिकॉप्टर आलं ते दुसऱ्या दिवशी, बॉडी न्यायला.

तर माझे थेंब वाढले त्या दिवशी संध्याकाळी सलीम घरी आला आणि माझ्या डाव्या बाजूला बसला. उजवीकडून बोललेलं मला कळत नाही. माझ्या हातातला रुमाल ओला होता. सर्दी झाली का, त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. बडी चेकला बघायचा तसं त्यानं माझं तोंड बघितलं.

"साब, खाली वाका."

उभ्या नोकरीत त्यानं मला कधी हुकूम दिला नव्हता. पण आवाजच असा होता की मी वाकलो. टप, टप, टप. त्याच्या बुटावर पडलं.

"ठीक आहे रे," मी म्हटलं.

"ये 'ठीक है' मैंने एक बार सुना है, साब. दुसऱ्यांदा नाय ऐकनार." आणि आत हाक मारली, "वहिनी, चला. दवाखान्यात."

रिक्षातच मला थंडी वाजून ताप भरला. मान पुढं वाकेना. इन्फेक्शन आत शिरलं होतं. डॉक्टरांनी ते पाणी काढायला कमरेतून मणक्यात नळी घातली, सलाइनमधून औषधं सुरू केली आणि उठायचं नाही म्हणून ताकीद दिली. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर, असं सुनंदानं विचारलं, तेव्हा ते नळी तपासायला वाकले. मी घाबरलो होतो. गोळे पडत होते तेव्हासुद्धा एवढा घाबरलो नव्हतो. भानुदास तंबूत पडला होता तेव्हा त्यालाही असंच वाटलं असेल का, हा विचार डोक्यातून जाईना.

पुण्यतिथीच्या दिवशी सलीम एकटा गावाला गेला. मी छताकडं बघत पडलो होतो. दुपारी तो परत आला, आणि त्याच्या दंडाला धरून गयामाय. अंगावर धुतलेलं लुगडं, पाय धुळीनं भरलेले. मी म्हटलं, माय, आज काहून आलीस, घरी फोटो वाट बघतोय.

"फोटो कुठं जातुया?" ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. सलीमनं स्टूल आधीच डाव्या बाजूला ओढून ठेवलं होतं.

तिनं माझं वाकडं तोंड बघितलं. इतक्या वर्षांत तिनं आम्हाला भानुदास कसा गेला ते कधी विचारलं नव्हतं. आम्हीही कधी सांगितलं नव्हतं. आज येताना सलीमनं सगळं सांगितलं होतं.

"त्यो लहानपनापासून तसाच व्हता," ती म्हणाली. "काटा मोडला तरी काय नाय म्हनायचा. तू खरं सांग. दुखतंय का?"

नळी लावल्यापासून डॉक्टर, सिस्टर, सुनंदा, सगळ्यांनी हेच विचारलं होतं आणि मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं.

"दुखतंय, माय," मी म्हटलं. "लई दुखतंय."

डोक्याला टाके होते म्हणून तिनं डोक्याला हात लावला नाही. ती माझे पाय दाबत बसली. सलीम तोंड फिरवून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. भानुदासच्या फोटोला त्या वर्षी हार पडला तो दिवस मावळल्यावर, माय गावी परतली तेव्हा.