ट्रॅक्टरवरच्या अक्षता

मला राग पटकन येतो, आणि आला की तो कुणावर निघतोय हे मी बघत नाही. त्या गुरुवारी तो सासूबाईंवर निघाला.

आमच्याकडे बागेचा ट्रॅक्टर होता. बॅटरीवर चालणारं, वर बसून गवत कापायचं चार चाकांचं यंत्र. दिंडोशीच्या आमच्या सोसायटीत अर्ध्या लोकांना ते लहान मुलांचं खेळणं वाटायचं. नवरा बागकामाची कंत्राटं घ्यायचा. अपघातानंतर त्याचा उजवा पाय गुडघ्यात वाकेनासा झाला आणि दोन वर्षं तो घरात बसून भिंतींशी भांडला. मग एका कंपनीने भंगारात काढलेला हा ट्रॅक्टर त्याने आणला, जोगेश्वरीच्या मेकॅनिककडून ब्रेक आणि वेग दोन्ही हाताच्या दांड्यावर बसवून घेतले, आणि तो पुन्हा माणसात आला.

न्यूझीलंडच्या एका नर्सरीतली नोकरी त्याला मिळाली ती या ट्रॅक्टरसकट. मालकाने सरळ सांगितलं होतं, आमची यंत्रं पायाने चालतात, तुझं इथे पोचणार असेल तरच ये. व्हिसा झाला, आम्ही निघाल्यावर घर भाड्याने द्यायचा करार झाला. सासूबाईंनी मुलुंडला नणंदेकडे राहायचं ठरलं. मागे फिरायला जागा उरली नाही.

सामान पाठवणाऱ्या एजंटने बजावलं होतं, बॅटरी वेगळी जाईल, आणि यंत्रावर माती, पान, बी यातलं काही दिसता कामा नये. "मॅडम, एक दाणा जरी सापडला ना, तर माल तिकडून परत. मग वाट लागली समजा." आठ दिवस मी जुना टूथब्रश आणि दाभण घेऊन त्या यंत्राखाली लोळत होते. इतकं मी स्वतःच्या स्वयंपाकघरातही कधी घासलेलं नाही.

गुरुवारी तीन वाजता एजंटचा माणूस तपासायला येणार होता. तपासून झालं की लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळून खोक्यात, आणि संध्याकाळच्या आत ट्रकमध्ये. हा कंटेनर चुकला तर पुढचा दीड महिन्याने होता, आणि तोवर नोकरीची तारीख उलटून जाणार होती.

सकाळी मी बॅटरीच्या कागदांसाठी अंधेरीला गेले. एक वाजता परत आले तर ट्रॅक्टरला झेंडूचा हार. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली चिरडलेलं लिंबू, टायरवरून ओघळलेलं नारळाचं पाणी. बॅटरी नव्हती म्हणून वॉचमन आणि खालच्या मजल्यावरच्या काकांनी मिळून लिंबावरून ढकलला होता. सीटवर नवरा, कपाळावर टिळा. आणि सगळीकडे, पात्यांच्या कप्प्यात, सीटच्या शिवणीत, दांड्याच्या खाचेत, लाल तांदूळ.

मी पायरीवर बसलेच.

"आईला नाही कसं म्हणू?" नवरा म्हणाला.

"तांदूळ म्हणजे बी आहे, आई," मी ओरडले. "बी चालत नाही तिकडे. वाट लावलीत तुम्ही आमची."

"अगो, अक्षता ती," सासूबाई म्हणाल्या. "बी कसलं? एकेक दाणा बघून घेतलाय मी. तुटका एकही नाही."

त्यावर मी जे बोलले ते लिहायला मला लाज वाटते. तुम्हाला आम्ही जायलाच नको आहोत, असंही म्हटलं.

सासूबाई वर गेल्या आणि सूप, डोक्यातला आकडा आणि चष्मा घेऊन खाली आल्या. गुडघे धरत ट्रॅक्टरपाशी बसल्या आणि निवडायला लागल्या. जन्मभर तांदळातले खडे निवडलेला हात तो. डोळ्यांना दिसत नव्हतं तिथे बोट फिरवून दाणा ओळखत होत्या. मी हार काढला, कुंकू पुसलं, व्हॅक्यूम क्लीनर लावला, तरी त्यांच्या बोटांना मागाहून दाणे सापडतच होते. दोन तास आम्ही दोघी एका यंत्राला भिडलो होतो.

एजंटच्या माणसाने टॉर्च आणि आरसा घेऊन सगळं पाहिलं आणि सही केली. मला त्याच्या टॉर्चवर विश्वास नव्हता. आम्ही विमानतळाकडे निघालो त्या दिवशी सासूबाईंनी माझ्या हातावर दही ठेवलं. मी त्यांच्या पाया पडले, पण माफी मागायची ती मागितली नाही.

पुढचे सहा आठवडे मी न्यूझीलंडच्या परक्या घरात डोळे मिटले की एक लाल दाणा बघायचे. नवरा खिडकीशी बसून असायचा, त्या दोन वर्षांत बसायचा तसा. मला वाटायचं, तो दाणा सापडला की हा माणूस पुन्हा उठायचा नाही.

नाही सापडला. ट्रॅक्टर तिकडच्या बंदरावरच्या तपासणीतून सुटला त्या दिवशी मी मुलुंडला फोन केला.

"काय मिळालं नाही ना गो त्यांना?"

"एक दाणाही नाही, आई."

"बरं झालं." मग म्हणाल्या, "ते मी टाकले नाहीत हां. देव्हाऱ्यात डबीत आहेत. तुम्ही आलात की डोक्यावर टाकीन."

कधी येणार ते त्यांनी विचारलं नाही.