आबांचा उरलेला डोळा

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकच डोळा. दुसरा तरुणपणी कपाशीवर फवारणी करताना गेला. उरलेल्या डोळ्यातला मोतीबिंदू गेल्या हिवाळ्यात धुळ्याला काढला. डॉक्टरांनी बजावलं होतं: महिनाभर धूर नाही, धूळ नाही, डोळ्याला हात नाही. थेंब टाकायला म्हणून मी सासरहून सोनगीरजवळच्या आमच्या गावी येऊन राहिले. राहिले कसली, पहारा देत बसले!

बारा दिवस नीट गेले. तेराव्या दिवशी भावाने शेतात भरीत पार्टी ठेवली. मला विचारायची पद्धतच नाही! कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजायची आणि वांगं कधी उतरवायचं ते आबांनीच सांगायचं, हे वर्षानुवर्षांचं. मी त्यांना लांब लिंबाखाली खाट टाकून दिली, काळा चष्मा चढवला आणि मिरच्या-लसूण ठेचायला बसले. मान वर करते तर खाट रिकामी! आबा थेट जाळापाशी, चष्मा कपाळावर, काडीने वांगी टोचताहेत.

"आबा!"

"वांगं कच्चं शे वं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाहुण्यांदेखत बोलू नये ते बोलले. "आंधळे झालात म्हणजे कोण बघणार तुमच्याकडे?" ते मुकाट्याने खाटेवर येऊन बसले. थेंबांची वेळ झालीच होती. मी रागारागात बादलीत हात बुडवले, पदराला पुसले, त्यांची खालची पापणी ओढली आणि थेंब टाकला.

लगेच आबा कळवळले. "आग व्हई ऱ्हायनी वं!" डोळा लालभडक, पाण्याची नुसती धार.

"घ्या! जा अजून धुरात!"

भावाने गाडी काढली. धुळ्यापर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता. आबा डोळा मिटून ऐकत होते. शेवटी मलाच रडू फुटलं. बोटांनी डोळे पुसले आणि आई गं! असे भगभगले की उघडता येईनात. तेव्हा कुठे कळलं. धूर कसला, मिरची होती. माझ्याच बोटांची.

मिरची गेलीय, एवढंच मी सांगितलं. डॉक्टरांनी डोळा धुतला, दिव्याखाली तपासला. "नशीब समजा, डोळा शाबूत आहे. पण मिरचीचा हात कोणी लावला?"

मी तोंड उघडलं, पण आबा आधी बोलले.

"मीच चोळला, साहेब."

डॉक्टरांनी त्यांना चांगलंच झापलं. "यापुढे तुम्ही हात लावायचा नाही. थेंब मुलीनेच टाकायचे."

"हो," आबा म्हणाले. "तिना हात चांगला शे."

मी माझे हात पदराखाली लपवले. स्वतःचीच इतकी चीड मला कधी आली नव्हती.

घरी येऊन पाचदा साबणाने हात धुतले, तरी पापणीला बोट लावायचा धीर होईना. आबा मान मागे टाकून, डोळा उघडा ठेवून वाट बघत होते.