विनायकरावांचे अथेन्स

विनायकराव मास्तर परळीला वारले, हे मला चौसाळ्याच्या बाजारात एका कापूस व्यापाऱ्याकडून कळले. तेरावाही उलटून गेला होता. "तुमचे दोस्त गेले की हो," एवढे बोलून तो पुढे गेला. मी दुकानाच्या पायरीवर बसलो. मनात पहिल्यांदा आले ते दुःख नव्हते, हे लिहायची लाज वाटते... आता आपल्याला कोणी जाब विचारणार नाही, असे वाटले.

आम्ही दोघे बीडच्या शाळेत मास्तर होतो. शिकवणे उर्दूतून, पण संध्याकाळी विनायकराव आपल्या ओसरीवर मराठीतून यूनानचा इतिहास सांगत. विणकर, तेली, एखादा वकील, असे दहाबारा जण जमत. 'अफलातून' हे एका विचारवंताचे नाव आहे, हे आम्हाला तिथेच कळले. अथेन्सला राजा नव्हता, टेकडीवर सभा भरे, तिथे चांभारही उठून बोले, न्यायाला बसणारे पंच चिठ्ठ्या टाकून निवडत... एकदा दारातून वहिनींनी विचारले, "आन् बाया?"

"न्हाई. बाया न्हाईत, गुलाम न्हाईत."

"मंग निम्मं गाव भाईरच की."

लोक हसले. मास्तर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुरुवातच केली, "कालचा सवाल घरातून आला, आन् तो बरोबर हाय."

पुढे कुणीतरी वर अर्ज केला, की हे मास्तर राजा नको म्हणून शिकवतात. चौकशीला अधिकारी आले. रोज ओसरीवर बसणारा म्हणून त्यांनी मला बोलावले. मास्तर सरकारविरुद्ध काही बोलले का, एवढेच त्यांनी विचारले. मास्तर एक शब्द बोलले नव्हते. उलट आदल्याच आठवड्यात त्यांनी सांगितले होते, की पळून जाणे शक्य असूनही अफलातूनचा गुरू सुकरात आपल्या नगराचा कायदा मानून विष प्याला. एवढे सांगितले असते तरी पुरे होते. पण माझी बदली गावाजवळ व्हायची होती. मी म्हणालो, "नीट आठवत नाही." त्यांनी तेच लिहिले. मी खाली सही केली.

महिन्याभरात मास्तरांची नोकरी गेली. ते परळीला मेहुण्याच्या धान्याच्या दुकानात बसू लागले. मी दोनदा सगळे सांगायचे ठरवून गेलो. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली, आणि मी चहा पिऊन परतलो.

परवा वहिनींना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, "ते समद्यांना सांगायचे, त्या टायमाला तुमी एकलेच त्यांच्या बाजूनं बोललात." मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. टोमणा नव्हता. नोकरीवरून काढताना सगळे जबाब मास्तरांना वाचून दाखवले होते, हे मला पक्के ठाऊक आहे. म्हणजे ते सारे जाणूनच...

दिवेलागणीला माणसे जमू लागली. परळीतही त्यांनी तो नेम सोडला नव्हता, आणि ते गेल्यावरही लोक येतच होते. वहिनींनी भिंतीशी सतरंजी अंथरली. "बसा, भावजी. त्यांची जागा हाय." तेव्हा तरी बोलायला हवे होते. मी बसलो.

वहिनींना लिहायवाचायला मास्तरांनीच शिकवले. म्हणून हे छापायला देतो आहे.