वाडग्याची मॅच

फुटबॉलचा शोध कोल्हापुरात लागला नाही, हे माझ्या साडूंच्या गळी उतरवणारा माणूस बहरीनमध्ये अजून यायचा आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या चुलतबहिणीचे यजमान. रिफातल्या एका मॉलमध्ये एसीचे सुपरवायझर. बायको-मुलं कोल्हापुरात, हे मनामाच्या नईम भागातल्या खोलीत एकटे. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येतात, मटणात मीठ कमी असल्याचं प्रेमानं सांगतात आणि माझ्या मुलीला आपल्या मॅचचा इतिहास पुन्हा पहिल्यापासून ऐकवतात. ती "ओके काका" म्हणून फोनमध्ये डोकं घालते. साडूंना तेवढं पुरतं.

तो इतिहास नईमच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, सुरू होतो. साडू दही घ्यायला गेले होते. रांगेतल्या पुढच्या गृहस्थाला फोनवर मराठी बोलताना ऐकून त्यांनी गाव विचारलं. कोल्हापूर. कॉलेज विचारलं, तर नेमकं रस्त्यापलीकडचं. तरुणपणी या दोन कॉलेजांच्या फायनलमध्ये साडूंचा गोल पंचांनी नाकारला होता, आणि हा गृहस्थ, आता इथे अकाउंटंट, तेव्हा समोरच्या संघात बॅकला होता. "ऑफसाइडच होतास की तू," तो पहिल्याच भेटीत म्हणाला. हातातलं दही कोमट होईपर्यंत दोघे भांडले. शेवटी मल्याळी दुकानदारानं "खलास भाई, दुकान बंद" म्हणून दोघांना बाहेर काढलं, तेव्हा फूटपाथवर असं ठरलं की डिसेंबरच्या सुट्टीत सनद भागातल्या मैदानावर ती फायनल पुन्हा खेळायची.

खरे माजी विद्यार्थी दोन्हीकडे जेमतेम निघाले. उरलेल्या जागा केरळचे ड्रायव्हर, एक पाकिस्तानी शिंपी आणि बिल्डिंगचा वॉचमन यांनी भरल्या. पण कॉलेज ठाऊक असल्याशिवाय जर्सी नाही, हा साडूंचा नियम.

"प्राचार्यांचं टोपणनाव?"

"बोका सर," ड्रायव्हर ताठ उभा राहून सांगे.

"कँटीनला काय मिळतं?"

"मिसल."

"पास."

बक्षीस म्हणून साडूंच्या खोलीतला स्टीलचा मोठा वाडगा ठेवला, त्यावर दोन्ही कॉलेजांची नावं कोरून घेतली. "कप घिऊन काय करायचं? वाडगा असला तर रस्सा तरी वाढता येतोय."

तेव्हापासून मॅच दरवर्षी झाली आणि भांडण रोज संध्याकाळी. "असला आडमुठा माणूस उभ्या गल्फात न्हाई," असं म्हणत साडू त्याच दुकानाच्या पायरीवर त्याची वाट बघत बसायचे.

मग अकाउंटंटची नोकरी गेली, व्हिसा संपला आणि तो गावी परतला. त्यानंतर काही आठवडे साडू शुक्रवारचे येईनात. मी खोलीवर गेलो, तर ते मोबाइलवर कोल्हापुरातली कुठलीशी मॅच बघत होते, आवाज बंद करून.

यंदा त्या कॉलेजचा एकही माणूस बहरीनमध्ये उरला नव्हता. मी म्हटलं, आता पुरे करा.

"बंद कशाला? त्यांची बाजू मी बघतो की."

मॅचच्या दिवशी साडू खरोखरच विरुद्ध कॉलेजची जर्सी घालून आले. पोटावर ती बसत नव्हती. स्वतःच्या कॉलेजची पोरं आधी हसली, मग तीही नेटानं खेळू लागली, कारण साडू जीव तोडून धावत होते. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, म्हणून निःपक्षपाती ठरवून शिट्टी माझ्याकडे दिली होती. माझ्याशीही ते भांडले. अखेर त्यांचा नवा संघ जिंकला.

वाळूतच बसून त्यांनी कोल्हापूरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "तुझं कॉलेज जिंकलं की रं."

 पलीकडून अकाउंटंटनं हळूच विचारलं, "आमच्याकडनं खेळलं कोण?"

साडूंनी मैदानाकडे पाहिलं. ड्रायव्हर मंडळी ड्यूटीवर जायला निघाली होती.

"लई पोरं हायत तुझी हितं," ते म्हणाले. "नवीन आल्यात. तुझं नाव काढत हुती."

परतताना ते माझ्या गाडीत वाडगा मांडीवर घेऊन बसले होते. नईम जवळ आलं तसं म्हणाले, "पावणं, कुठंतरी च्या घिऊया का? खोलीवर काय, जायाचंच हाय."

मी नईमचं वळण सोडलं आणि गाडी सरळ पुढे नेली.