ग्वाल्हेरची लेक, उज्जैनची सून

"लिखना बंद! सुनो!" असं ओरडून सर टेबलावर डस्टर आपटायचे आणि खडूच्या धुळीनं स्वतःच शिंकायचे. आमच्या कॉलेजात ते ग्रीक आणि रोमन साहित्य शिकवत. आता उज्जैनमध्ये असल्या विषयाला मुलं कुठली मिळणार? मिळत ती परीक्षेपुरती. सर मात्र ठाम होते. "कागदाच्या भरवशावर राहिलं की डोकं आळशी होतं. हे त्या जुन्या लोकांनाही कळत होतं," असं मला ऐकवत.

मी तिथेच वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. ग्रीक-रोमनांशी माझा संबंध झाडांच्या नावांपुरता. पण शेजारीच राहत असल्यामुळे सुटका नव्हती. टावर चौकात पोहे खाताना, हातात जिलबी धरून, ते मला मेलेल्यांच्या देशात फिरवून आणत. पोहेवाला विचारी, "सर, आज कौन मरा?"

त्यांची लाडकी गोष्ट एकच. त्या लोकांची अशी समजूत, की मेलेल्या माणसाला फार तहान लागते. वाटेत पहिला झरा लागतो तो विसरण्याचा. तिथलं पाणी प्यायचं नाही. पुढे आठवणीचा झरा असतो, पण त्यावर पहारेकरी बसलेले. ते विचारतात, "कोण तू?" बरोबर सांगता आलं तरच पाणी. उत्तर विसरू नये म्हणून काही जण ते सोन्याच्या पत्र्यावर कोरून प्रेतासोबत ठेवत.

"आणि तरी विसरलं तर?" सरांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, एकदा चहा देता देता विचारलं.

"मग बसा तहानलेले!" सर म्हणाले आणि खुशीत हसले. विसरणं ही तेव्हा दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट होती.

रिटायर झाल्यावर सर विसरायला लागले. आधी चष्मा, मग देवास गेटहून घरी यायचा रस्ता, मग मी. एका सकाळी अंगणात, माझ्यासमोरच, त्यांनी वहिनींना अदबीनं विचारलं, "बाई, माझं नाव काय हो?"

वहिनी पडल्या ग्वाल्हेरच्या जुन्या वळणाच्या. उखाण्याशिवाय त्यांनी नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. बँकेतसुद्धा त्या "ह्यांचं खातं" म्हणून थांबत आणि नाव मी सांगत असे. आता खुद्द नवराच विचारतोय म्हटल्यावर त्या लाजल्या, पदर सावरला आणि लग्नातला उखाणा म्हणाल्या:

"ग्वाल्हेरची लेक मी, उज्जैनची सून,
…रावांचं नाव घेते सगळ्यांचा मान राखून."

नाव मीही इथे लिहीत नाही. ते वहिनींपाशीच शोभतं.

सरांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून हा रोजचा पाठ झाला. "घोटून घेते भाऊजी," वहिनी म्हणत. "तिथं विचारतील ना, कोण म्हणून? हे काय सांगणार?" वहिनी, ती नुसती गोष्ट आहे हो, असं म्हणावंसं वाटे. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं की मीही सरांसोबत उखाणा म्हणू लागे. डॉक्टरांनी हात टेकले होते. करण्यासारखं दुसरं आमच्या हातात होतं तरी काय?

सरांना उखाणा पाठ झाला. नाव तेवढं राहत नसे.

शेवटच्या दुखण्यात दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाई त्यांच्यावर वाकून म्हणाल्या, "बाबूजी, बताइए, आप कौन हैं?"

सरांचा चेहरा उजळला. घोकलेला प्रश्नच पेपरात यावा तसा. खणखणीत आवाजात ते म्हणाले, "ग्वाल्हेरची लेक मी, उज्जैनची सून!" आणि तिथेच अडले.

नर्स फिसकन हसली. मलाही हसू आलं आणि पाठोपाठ रडू. वहिनी पुढे झाल्या. सगळ्यांदेखत त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं. मोठ्यानं, नुसतं, उखाण्याशिवाय.

सरांनी ते नीट ऐकून घेतलं. हात जोडले आणि म्हणाले, "माझा नमस्कार सांगा त्यांना."

त्याच आठवड्यात सर गेले. राम घाटावर दहाव्याचं उरकून मी घरी आलो, तर वहिनी ओसरीत वाट पाहत बसल्या होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे तर माझंच नाव-गाव सांगून आत गेले असतील. आता मला विचारलं, की मी कोण म्हणून सांगू?"