आम्ही बोलावलेला महिला दिन

सगळ्या जणी खाली आल्या होत्या, मग अक्का एकटीच परत गच्चीवर का गेली? हे मी चौघींनाही विचारलं. विचारलं की अक्काचे किस्से सुरू करतात. एक संपला की दुसरा. महिन्याभरात इतके साठलेत की आता मीही सांगायला लागलोय.

अक्का माझी थोरली बहीण. घरातच कडक भाकरीचं काम काढलं होतं. हाताखाली चार बायका.

*

महिला दिन तिनं टीव्हीवर बघून आणला. पहिल्या वर्षी दुपारी सगळ्यांना सुट्टी! तासाभरात सुनंदाकाकी परत दारात. "सासू विचारतीया, कामावरनं काढलं का म्हणून!" मागोमाग बाकीच्या तिघी. अंधार पडेपर्यंत भाकऱ्या थापल्या. झाला महिला दिन!

*

पुढच्या वर्षी नवा नियम. त्या दिवशी भाकरी मी करायची, बायकांनी खुर्चीवर बसायचं. माझी भाकरी रझियाभाभीनं उजेडात धरली. "अरे बाबू, इसमें से तो पूरा सोलापूर दिखरा!"

सगळ्या हसल्या. ती भाकरी अक्कानं खाल्ली. कच्ची होती.

*

यंदा मार्चमध्ये ऊन सोडून सगळं होतं. एकदा तर गारा! भाकऱ्या गच्चीवर वाळत घातलेल्या, त्यामुळे ढग दिसला की पळापळ. काकी आभाळाकडं बघून ओरडली, "आरं, मार्च हाय की! कॅलेंडर बघ जरा!"

अक्का म्हणाली, "काकी, वाण्यानं आपल्यालाच कॅलेंडर दिलं न्हाय, त्याला कोण देणार?"

*

महिला दिनासाठी पाचजणींनी एकसारख्या जांभळ्या साड्या घेतल्या. आदल्या दिवशी संध्याकाळी जोराचा पाऊस आला. भाकऱ्या गोळा करून सगळ्या खाली आल्या. अक्का परत वर गेली. वीज पडली.

सकाळी दवाखान्यातून घरी आणल्यावर तिला तीच साडी नेसवली. काकी म्हणाली, "घडी मोडायची लई घाई होती हिला."

*

तिरडी उचलायची वेळ झाली तरी पाऊस होताच. चौघी पुढं आल्या, जांभळ्या साड्या नेसून. आमचे चुलते म्हणाले, "बायांनी मसणात यायचं नस्तं. घरी बसा."

रझियाभाभी म्हणाली, "आज छुट्टी है हमारी."

चुलते माझ्याकडं वळले. "तूच सांग रे यांना!"

मी म्हणालो, "खांदा त्यांचा."

चौघींनी उचललं. मी मडकं घेऊन पुढं झालो. रस्ताभर चिखल. मागं बांगड्या वाजत होत्या. मागं वळून बघायचं नसतं, म्हणून बघितलं नाही. फक्त हळू चाललो.