काकूंचं लॉगआउट

शेजारणी म्हणत, काकूंच्या हाती आपल्या घराची किल्ली द्यावी आणि खुशाल परगावी जावं. मात्र काकूंची किल्ली चुकूनही मागू नये. याला काहीजणी चोखपणा म्हणत, काहीजणी खाष्टपणा.

काकू एका सॉफ्टवेअर कंपनीत होत्या. इतरांनी लिहिलेले प्रोग्रॅमचे भाग तपासायचे आणि कंपनीच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तयार भागांच्या कोठारात चढवायचे, हे त्यांचं काम. चढवलेल्या प्रत्येक भागावर त्यांचं नाव लागे. ज्या संगणकावरून हे चाले, त्यावर त्या वर्षानुवर्षं लॉगइनच होत्या.

निवृत्तीच्या दिवशी भाषणं आटोपली आणि काकू पर्स खांद्याला अडकवूनच त्या संगणकापाशी बसल्या. साहेब लगबगीने आले.

"अहो, लॉगआउट कशाला? राहू द्या की. तुमचं नाव दिसलं की लोक तो भाग डोळे झाकून वापरतात."

"म्हणूनच करतेय."

"तुम्ही गेल्यावर तुम्हाला विचारायला कोण येणार आहे?"

"विचारायला कोणी येणार नाही. बोल लावायला सगळे येतील."

त्यांच्या जागी आलेल्या बाईंचं खातं काकूंनी आधीच सुरू करून दिलं होतं; अडणार कुणाचंच नव्हतं. त्यांनी काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप केली. लॉगआउट झालं. साहेबांनी सुस्कारा सोडला, पण काकू उठल्या नाहीत. त्यांनी कंपनीच्या रजिस्ट्रीला विचारलं, मी कोण? उत्तरात त्यांचंच नाव आलं.

काकूंचा चेहरा उतरला. कोणत्या रजिस्ट्रीतून बाहेर पडायचं, हे सांगायचंच राहिलं होतं. संगणकाने आपल्या समजुतीने त्यांना जगाला खुल्या असलेल्या दुसऱ्याच रजिस्ट्रीतून काढलं होतं. कंपनीचं दार तसंच उघडं होतं. हीच चूक त्यांनी इतरांच्या कामात कितीदा पकडली होती! आपला हातच सुटायला तयार नव्हता की काय, असं त्यांना वाटून गेलं.

मग त्यांनी कंपनीच्या रजिस्ट्रीचा पत्ता घालून आज्ञा पुन्हा दिली. पुन्हा विचारलं. आता कोरडं उत्तर आलं: लॉगइन केलेलं नाही. या नावाला वजन यायला अर्धं आयुष्य गेलं होतं. उतरवायला एक ओळ पुरली.

घरी नणंदेने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काय गं वहिनी, इतकी राबलीस, आणि तो मेला डबा म्हणतो, ओळखत नाही? रडू नाही आलं?"

चपला काढत काकू म्हणाल्या, "आलं होतं. ओळखतो म्हणाला तेव्हा."